दार उघडलं की कुत्रा पसार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सुटून पळणाऱ्या कुत्र्यांबद्दलची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. कुत्रा घराला कंटाळून जातो असं फारसं होत नाही. त्याला बाहेरचं काहीतरी खेचतं, नाहीतर तो घाबरून सुटतो. ते कारण सापडलं की अर्धं काम झालं. शिकवलेलं अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात आणि तोवर दार, फाटक, पट्टा आपल्यालाच सांभाळावा लागतो. म्हणून जवळजवळ प्रत्येक उत्तरात आधी बंदोबस्त आणि मग शिकवणी आहे.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर दहा महिन्यांचा आहे. चौथ्या मजल्यावर राहतो. बेल वाजून दार उघडलं की पायांमधून निसटतो आणि जिन्याने थेट पार्किंगमध्ये. मागे धावून धरून आणावं लागतं. पार्सलवाले घाबरतात, सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या आहेत. ओरडून पाहिलं, एकदोनदा मारलंही. – पुणे

उत्तर : त्याच्या बाजूने पाहा. बेल वाजते, दार उघडतं, तो धावतो आणि सगळं घर त्याच्यामागे धावतं. दहा महिन्यांच्या लॅबला यापेक्षा चांगला खेळ कुठला? मारल्याने पळणं थांबत नाही. हात जवळ आला की मान काढून घ्यायची, एवढंच तो त्यातून शिकतो.

आजच करायचं काम म्हणजे दाराच्या आत दुसरा अडसर. लहान मुलांसाठी जिन्याला लावतात ते बेबी गेट दारापासून तीन-चार फूट आत, पॅसेजमध्ये बसवा. उंची ९० सेंटीमीटरच्या खाली नको आणि गज उभे असावेत, आडव्या गजांवर पाय देऊन तो चढेल. पॅसेज नसेल तर दाराजवळच्या भिंतीत भक्कम हूक ठोकून त्यावर एक लीश (गळपट्ट्याला अडकवायची दोरी) कायम टांगून ठेवा. बेल वाजली की आधी लीश, मग कडी. घरातल्या मुलांनी, मावशींनी, पाहुण्यांनी, सगळ्यांनी हे पाळायचं. दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवा, फायदा होतो.

आता शिकवणी. कोणी येणार नसेल अशा वेळी, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. लीश लावलेली. खाऊ म्हणून उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे. तेवढं रोजच्या जेवणातून कमी करा, लॅबचं वजन चटकन वाढतं.

दारापासून सातआठ फुटांवर, दार दिसेल पण एका झेपेत गाठता येणार नाही अशा जागी एक चटई टाका. चारही पाय चटईवर आले की खाऊ, तोही त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये ठेवून. तो आपणहून चटईकडे जायला लागला की ‘जागेवर’ हा शब्द जोडा. मग तुम्ही दाराकडे एक पाऊल टाका, परत येऊन खाऊ द्या. मग कडीला हात. मग कडीचा आवाज. मग दार चार बोटं उघडून बंद, मग अर्धं, मग सताड, मग तुम्ही एक पाऊल बाहेर. प्रत्येक पायरी पाच वेळा करा. पाचपैकी चारदा तो जागेवर राहिला तरच पुढची, दोनदा उठला तर मागची. खाऊ दरवेळी चटईवर नेऊन द्या. तुमच्यापाशी बोलावून दिलात तर उठण्याचंच बक्षीस मिळतं.

उठण्याआधी तो सांगतो. तोंड उघडं असतं ते मिटतं, कान पुढे येतात, अंगाचा भार पुढच्या पायांवर जातो. हे दिसताक्षणी दार लावा, न बोलता. तो सैल झाला की परत उघडा. हललो की दार बंद होतं, हे त्याला तुमच्या ओरडण्याविना कळतं.

दार जमल्यावर बेल. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा, हळू वाजवा, ‘जागेवर’, खाऊ. आवाज वाढवत न्या. मग घरातलं माणूस बाहेर जाऊन खरी बेल वाजवेल, मग शेजारी. सुटकेचाही एक शब्द ठरवा, ‘चल’ पुरे. उंबरा फक्त त्या शब्दावर आणि लीश लावूनच ओलांडायचा. तो शब्द नसेल तर थांबणं कधी संपलं हे कुत्राच ठरवतो.

बहुतेकांचं चुकतं ते इथे : सराव होत नाही आणि खरा पाहुणा दारात उभा असताना शिकवायला घेतात. शिवाय मधूनच एखाद्या दिवशी निसटायला मिळालं की पळण्याची आस सुटत नाही, लॉटरीचं तिकीट एकदा लागलेल्या माणसासारखी. म्हणून ते बेबी गेट निदान दोन-तीन महिने काढू नका. आणि या वयाच्या लॅबला दिवसातून दोनदा अर्धा-पाऊण तास, मनसोक्त हुंगू देत फिरवणं हवंच. अंगातली रग जिरली नसेल तर चटईवर तो बसणार तरी कसा?

प्रश्न : दीड वर्षाचा बीगल. घरात हाक मारली की लगेच येतो. मैदानात पट्टा सोडला की ऐकूच येत नाही जणू. तास तास मागे फिरावं लागतं. – कोल्हापूर

उत्तर : बीगल हा सशाचा माग नाकाने काढण्यासाठी पैदास केलेला कुत्रा. नाक जमिनीला लागलं की तुमची हाक त्याच्यापुरती मागे पडते. हे त्याच्या रक्तातच आहे. पण दुसरी अडचण माणसांनी केलेली असते. मैदानात आपण हाक मारतो ती घरी निघताना. ‘ये’ म्हणजे मजा संपली, पट्टा लागणार, असा अर्थ त्याने कधीच लावलेला आहे.

तो शब्द सोडून द्या आणि कोरा शब्द घ्या. ‘इकडे!’ किंवा शिट्टी. शिट्टीचा फायदा असा की ती रोज एकसारखी वाजते, तिच्यात राग उतरत नाही.

पहिला आठवडा फक्त घरात. शिट्टी एकदा वाजवा आणि लगेच खाऊचे सात-आठ छोटे तुकडे एकामागून एक द्या. तो शेजारीच बसला असेल तरीही. दिवसभरात विखरून दहा वेळा. चिकनची कलेजी उकडून बारीक तुकडे केलीत तर उत्तम, पण ती फक्त या शिट्टीसाठी राखून ठेवा, एरवी द्यायची नाही. आधी शिट्टी, मग हात खिशात. हात आधी गेला तर कुत्रा शिट्टी शिकत नाही, खिसा शिकतो.

मग मैदानात लांब दोरी. दहा मीटर, पाऊण ते एक इंच रुंदीची, सुती नवार सगळ्यांत बरी. नायलॉन हातातून सरकली की कातडी सोलते, तीच वापरायची तर हातमोजे घाला. दोरीला गाठी नकोत, शेवटी फासही नको, दगडात नाहीतर झुडपात अडकतो. दोरी हार्नेसच्या (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीलाच लावा. गळपट्ट्याला कधीही नाही : दहा मीटर सुसाट धावून बसणारा हिसका मानेला इजा करतो.

तो काहीतरी हलकंफुलकं हुंगत असताना एकदाच बोलवा. आला की आधी दुसऱ्या हाताने गळपट्टा धरा, मग खाऊ. हा क्रम उलटा झाला तर कुत्रा हातभर अंतरावर येऊन खाऊ पळवतो आणि सटकतो. खाऊ झाला की ‘जा, खेळ’ म्हणून परत सोडा. दहातल्या नऊ हाकांनंतर त्याला पुन्हा खेळायला मिळालं पाहिजे. सगळ्या शिकवणीचा जीव या एका गोष्टीत आहे, आणि घाईत हीच राहून जाते.

दोन-तीन सेकंदांत आला नाही तर परत शिट्टी नको. पाच वेळा वाजवलीत की चार वेळा दुर्लक्ष करायचा सराव तुम्हीच दिलात. दोरी गोळा करत त्याच्यापाशी जा, ओढू नका. नाकाशी खाऊ दाखवून दोन पावलं मागे या, तो वळला की द्या. पुढच्या वेळी कमी अंतरावरून बोलवा. आधी गच्ची, मग सकाळचं रिकामं मैदान, मग लांबवर दुसरी कुत्री असलेलं मैदान, असं चढत जा. तीन वेगवेगळ्या जागी पहिल्या शिट्टीला तो वळून येतो याची खात्री झाली तरच, कुंपण असलेल्या जागेत दोरी काढा. रस्त्याकडेच्या उघड्या मैदानावर बीगल मोकळा सोडूच नका. कितीही शिकलेला असो.

आणि उद्या सुटलाच तर मागे धावू नका. उलट दिशेने पळा, आनंदाने हाक मारा, खाली बसा, जमिनीवर खाऊ पसरून तो शोधत असल्यासारखं करा, गाडी असेल तर तिचं दार उघडा. तासाभराने आला तरी शब्दाने रागवायचं नाही. तो रागवणं पळण्याशी जोडत नाही, परत येण्याशी जोडतो.

प्रश्न : दोन वर्षांची देशी कुत्री, नसबंदी झालेली. बंगल्याची भिंत चार फुटी आहे. कधी भिंतीवरून जाते, कधी फाटकाखाली उकरून. आम्ही दोघं नोकरीला, नऊ तास ती आवारात एकटीच. – नाशिक

उत्तर : देशी कुत्री अंगाने हलकी असते आणि पायांत स्प्रिंग असल्यासारखी उडते. चार फूट तिला काहीच नाही. भिंतीवर लोखंडी अँगल उभे करून वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) लावा, जमिनीपासून एकूण सहा फूट, वरचा फूट-दीड फूट आतल्या बाजूला ४५ अंशांत वाकवलेला. भिंतीला टेकलेल्या कुंड्या, टाकी, स्कूटर, सरपण हलवा, तीच तिची पायरी असते. भिंतीवर काचा किंवा काटेरी तार नको. उडी थांबत नाही, पोट मात्र फाटतं.

उकरणाऱ्या जागी दोन फूट रुंदीची वेल्डमेश आतल्या बाजूने जमिनीवर आडवी पसरा, कड कुंपणाला बांधा, वर माती आणि फरशी. कुत्रं कुंपणाच्या बुडाशीच उकरतं, दोन फूट मागे येऊन सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. फाटकाखालची फट दोन इंचांवर नको, पट्टी वेल्ड करून घ्या. गजांमधून डोकं जात असेल तर अंगही जातं, म्हणून खालचे तीन फूट जाळीने झाका. साधी कडी नाकाने वर उचलता येते, तिच्यात स्नॅप हूक (स्प्रिंगने मिटणारा आकडा) अडकवा.

एवढं करूनही नऊ तासांचं काय, हा प्रश्न उरतोच. तिचं रोजचं कामच बाहेर पडण्याची वाट शोधणं झालं आहे. सकाळी निघण्याआधी चाळीस मिनिटं फिरवा. जेवणाचा अर्धा भाग वाडग्यात न देता गोणपाटाच्या गुंडाळीत, खोक्यांत लपवून ठेवा. दुपारी कोणीतरी येऊन तिला पंधरा मिनिटं बाहेर नेईल अशी सोय करा, आणि तुम्ही नसताना तिला आवारात ठेवण्यापेक्षा घरात ठेवा. उकरायची हौस भागवायला कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फूट वाळूचा खड्डा करून त्यात हाड पुरून ठेवलंत तर कुंपण वाचतं.

विजेचा झटका देणाऱ्या अदृश्य कुंपणाची जाहिरात दिसते. घेऊ नका. मांजरामागे सुसाट निघालेलं कुत्रं झटका खाऊनही पार होतं, आणि परत येताना मात्र त्याच झटक्याला घाबरून बाहेरच थांबतं. शिवाय बाहेरच्या कुत्र्यांना ते आत येण्यापासून अडवत नाही.

प्रश्न : शेतावर वस्ती आहे. तीन वर्षांचा नर, राखणीचा. रात्री निघून जातो, कधी दोन-दोन दिवस येत नाही. परवा अंगावर चावे घेऊन आला. दिवसरात्र साखळीने बांधावा का? – अकोले, जि. अहिल्यानगर

उत्तर : नका बांधू. तो माजावर आलेल्या माद्यांच्या वासावर जातो. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, दरवेळी दोन-तीन आठवडे, त्यामुळे पंचक्रोशीत कुठली ना कुठली मादी माजावर असतेच. त्या वासापुढे खाऊ आणि शिकवणी चालत नाही. नसबंदी करा. टाके भरायला दहा-चौदा दिवस जातात, भटकणं कमी व्हायला त्याहून जास्त, कारण सवयही मोडावी लागते. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर तरी माद्यांपासून लांब ठेवा, तोवर गर्भ राहू शकतो. राखण बिघडेल ही भीती मनातून काढा. अनोळखी माणसावर भुंकणं तसंच राहतं.

तुमच्या भागात रात्रीचा दुसरा धोका बिबट्याचा. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचाच निघाला. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. दिवस मावळायच्या आत त्याला बंद खोपीत घ्या : निदान सहा बाय चार फूट, खाली विटांचं बांधकाम, वर जाड वेल्डमेश, पक्कं छप्पर, बाहेरून कडी. कोंबड्यांची पातळ जाळी नको, ती पंजाने फाटते. आतून भुंकला तरी राखण होतेच.

आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि त्याने कुत्रा चिडखोरही होतो. दिवसा थोडा वेळ बांधायचाच झाला तर दोन झाडांमध्ये तार ताणून तिच्यात सरकती कडी आणि तीन मीटरची दोरी, हार्नेसला लावलेली. दोरी झाडाला गुंडाळू नये म्हणून दोन्ही टोकांना अलीकडे तारेवर गाठ किंवा क्लॅम्प द्या. जवळच पाणी आणि सावली.

चाव्यांबद्दल मात्र आजच पशुवैद्यकाकडे जा. रेबीजची लस चालू असली तरी जा.

प्रश्न : आमचं कारवान जातीचं कुत्रं चालताना मागे सरकून पट्ट्यातून डोकं काढून घेतं. पट्टा घट्ट केला तर खोकतं. – जि. सोलापूर

उत्तर : कारवानाचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे साधा पट्टा त्याच्यासाठी नाहीच. मार्टिंगेल पट्टा घ्या, दीड-दोन इंच रुंद. त्याला एक मोठा आणि एक छोटा असे दोन फास असतात. ओढ बसली की तो मानेच्या मापापर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही. तो कानांच्या लगेच मागे, मानेच्या वरच्या भागात बसवा. पूर्ण ओढल्यावर छोट्या फासाच्या दोन कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर उरायला हवं. कड्या एकमेकींना टेकत असतील तर पट्टा सैल आहे. हार्नेस वापरायचा तर बरगड्यांमागे, कंबरेशी तिसरा पट्टा असलेला. छाती खोल आणि कंबर बारीक असल्याने त्यातून मागे निघता येत नाही. आणि कुत्रं मागे सरकायला लागलं की ओढू नका, त्याच्याकडे दोन पावलं चाला. दोरी ताणलेली असते तेव्हाच डोकं सुटतं.

प्रश्न : गेल्या दिवाळीत फिरवताना जवळ फटाका वाजला आणि कुत्रा हिसका देऊन पळाला. रात्री दोन वाजता सापडला. यंदा काय करावं? – ठाणे

उत्तर : ज्याची इतकी भीती बसली आहे त्याला आज्ञा ऐकू येत नाही, तेव्हा दिवाळीत शिकवणी विसरा. त्या दिवसांत संध्याकाळचं फिरणं पाचच्या आत उरका. गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला, दोघांना वेगवेगळी लीश. रात्री शू-शी साठी खाली न्यावंच लागलं तर आवाराच्या बाहेर नाही. घरातली सर्वांत आतली खोली निवडा, खिडक्या-पडदे बंद, पंखा जोरात, टीव्ही चालू, पलंगाखाली अंथरूण. बाल्कनी बंद ठेवा, घाबरलेली कुत्री उडी मारतात. त्याला जवळ घेतलंत, कुरवाळलंत तर भीती वाढते हा गैरसमज आहे. खुशाल घ्या.

भीतीवरच्या औषधांसाठी पशुवैद्यकाला दोन-तीन आठवडे आधी भेटा आणि शांत दिवशी एक डोस देऊन पाहा, कारण प्रत्येकाला मात्रा वेगळी लागते. काही जुन्या गोळ्यांनी अंग ढिलं पडतं, भीती मात्र आत तशीच राहते, म्हणून ‘झोपेची गोळी द्या’ असं मागू नका. माणसांची गोळी तर मुळीच देऊ नका.

फटाक्यांच्या रेकॉर्डिंगची सवय लावायची असेल तर सुरुवात उन्हाळ्यात करा. जेवणाच्या वेळी, कान नुसते टवकारतील इतक्या हळू आवाजात पाच मिनिटं. खाणं थांबलं तर आवाज जास्त झाला. गणपतीतल्या ढोल-ताशांच्या आधी हे जमलेलं असलं तर दिवाळी बरी जाते.

प्रश्न : मायक्रोचिप बसवली आहे. हरवला तर मोबाइलवर दिसेल ना? आणि पहिल्या काही तासांत काय करायचं? – मडगाव

उत्तर : दिसणार नाही. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली. तिच्यात बॅटरी नसते, नुसता १५ आकडी क्रमांक असतो आणि तो रीडर अगदी जवळ नेल्यावरच कळतो. त्या क्रमांकासमोर तुमचा आजचा मोबाइल नंबर नोंदलेला आहे का, हे आजच तपासा. शोधणाऱ्याला सर्वांत लवकर उपयोगी पडतो तो गळपट्ट्यावरचा पत्रा, ज्यावर ठळक मोबाइल नंबर कोरलेला आहे. जागा दाखवायला सिमकार्डवाला जीपीएस पट्टा लागतो आणि तो वरचेवर चार्ज करावा लागतो. ब्लूटूथवाली टॅग आसपासच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असते, निर्जन भागात तिचा उपयोग नाही.

हरवल्यावर एका माणसाने घरीच थांबावं, दार-फाटक उघडं ठेवून. त्याचं अंथरूण आणि तुमचा वापरलेला कपडा बाहेर ठेवा. बाकीच्यांनी आधी जवळच्याच गल्ल्या बघाव्यात. माणसाळलेला कुत्रा लोकांकडे जातो : चहाची टपरी, वॉचमन, पेपरवाले, दूधवाले, सफाई कामगार यांना फोटो दाखवा. घाबरलेला कुत्रा गाड्यांखाली, गटारात, झुडपात दडून बसतो आणि पहाटे वर्दळ नसताना हलतो. तो दिसला तर नाव घेऊन धावू नका. आडवं तोंड करून खाली बसा, खाऊ टाका, नजर भिडवू नका. पट्टा नसेल तर भटका समजून नसबंदीसाठी उचलला जाऊ शकतो, म्हणून पालिकेच्या नसबंदी केंद्रात फोटो घेऊन स्वतः जा. २०२३ च्या नियमांप्रमाणे अशी कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडली जातात, तेव्हा उचललेली जागाही विचारून घ्या.

सापडल्यावर पोट, पायांच्या बोटांमधल्या जागा आणि कानांमागे चाचपून बघा. चावा दिसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या, रेबीज बूस्टरचं ते ठरवतील. धुताना हातमोजे घाला. तुमच्या हाताला जखम असेल किंवा त्याची लाळ लागली असेल तर तुम्हीही डॉक्टरांना दाखवा. आणि तो ज्या फटीतून गेला ती बुजवल्याशिवाय त्याला दुसऱ्या दिवशी आवारात मोकळा सोडू नका, तो आधी तिथेच जाऊन बघणार आहे.